मांजर गेल्यावर मन खात राहतं तेव्हा

माणूस गेलं की घरात सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, शेजारी पिठलं-भात आणून देतात. मांजर गेलं की यातलं काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी डबा भरून कामावर जायचं, आणि डोळे का सुजलेत असं कुणी विचारलं तर सर्दी झालीय म्हणायचं. समाज ज्या दुःखाला दुःख मानतच नाही, त्याची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये केली. हेरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलंय की इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरची सगळी माणसं भुवया काढत. निदान समोरच्याला न सांगता कळायचं तरी.

पण मांजराच्या बाबतीत सगळ्यात जास्त छळते ती चुटपुट. ‘चार दिवस नीट खात नव्हती, तेव्हाच न्यायला हवं होतं.’ यावर ‘तुमची काही चूक नव्हती’ असं शंभर जणांनी सांगितलं तरी फरक पडत नाही. आजार कसा चालतो हे कळलं, तर थोडा पडतो.

म्हातारपणी मांजरं बऱ्याचदा मूत्रपिंडाच्या आजाराने जातात. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांची साधारण ७५ टक्के क्षमता गेलेली असते. तोवर मांजर जेवतं, खिडकीत बसतं, अंगावर झोपतं. फार तर पाणी जास्त पितं आणि लिटरमधली, म्हणजे शी-शूच्या वाळूतली, ढेकळं मोठी होतात. केसांखाली वजन उतरलेलं दिसत नाही, हाताला पाठीचा कणा लागतो तेव्हा कळतं. दुसरा प्रकार हृदयाचा. स्नायू जाड होत जातात, गुठळी तयार होते आणि मागच्या दोन पायांकडे जाणारी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथे अडकते. काल उड्या मारणारं मांजर आज किंचाळतं, मागचे पाय ओढतं, तळवे गार पडतात. यातल्या कित्येक मांजरांना हृदयविकार आहे हे त्या दिवसापर्यंत कुणालाच माहीत नसतं, कारण स्टेथोस्कोपने प्रत्येक वेळी काही ऐकू येतंच असं नाही.

म्हणून आठवडाभराने, जरा बोलण्याच्या स्थितीत आल्यावर, फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. नेमकं कशाने गेलं, हे कधीपासून चालू असेल, आणि आधी आणलं असतं तर काय बदललं असतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कधी कधी ‘वाचलं असतं’ असंही येतं. बोक्याची लघवी तुंबते तेव्हा एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, आणि तो लिटरमध्ये कुंथत बसतो ते बद्धकोष्ठासारखंच दिसतं. फसायला होतं ते त्यामुळे. हे ऐकणं जड जातं, पण रात्री तीनला मन स्वतःच जी उत्तरं रचतं, त्यापेक्षा बरं.

इंजेक्शन देऊन शांत केलं असेल तर वेगळीच टोचणी. डोळे उघडेच राहिले, मग एक-दोन आचके आले, लघवी झाली; म्हणजे त्याला कळत होतं का? नाही. औषधाने आधी शुद्ध जाते, मग श्वास आणि हृदय थांबतं. नंतरचे आचके स्नायूंचे असतात. मांजराचे डोळे तर बहुधा उघडेच राहतात.

कारण कळलंच नसेल आणि जाणून घ्यायचं असेल तर शवविच्छेदन करता येतं. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आधी फोन करून विचारा. देह बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवून शक्यतो २४ तासांच्या आत न्यायचा. फ्रीजरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासायला फारसं उरत नाही.

आता त्या दिवसाचं. साधारण तीन-चार तासांत देह ताठ होऊ लागतो, उन्हाळ्यात लवकर. त्याआधी पाय पोटाशी घेऊन नेहमी झोपायचं तसं ठेवा, शेपटीखाली जुना टॉवेल घाला. पंजाचा ठसा, मूठभर केस हवे असतील तर याच वेळी घ्या. पुरायचं असेल तर सुती कापडात, प्लास्टिकशिवाय, किमान तीन फूट खोल. उथळ खड्डा कुत्री उकरतात. आणि इंजेक्शन दिलेलं असेल तर ते औषध देहात टिकून राहतं, खाणारं कुत्रं किंवा घारही त्याने मरू शकते. शहरात दहन बरं. मुंबईत मालाडला महापालिकेने २०२३ मध्ये प्राण्यांसाठी दहनगृह सुरू केलंय. खासगी ठिकाणी देणार असाल तर दहन एकट्याचं की एकत्र, हे आधीच विचारा, कारण एकत्र असेल तर अस्थी मिळत नाहीत. चार किलोच्या मांजराच्या अस्थी वाटीभर भरतात. मोठा कलश विकत घेऊ नका.

घर खायला उठतं ते ठरावीक वेळांना. पहाटेचं म्यांव, दाराची किल्ली फिरवताना आतून येणारी घंटी. घंटी ऐकू येणं, पलंगावर पायाशी वजन जाणवणं हे बऱ्याच जणांना होतं, त्यात वेड लागल्याचं काही नाही. मांडी आणि वाटी एकाच दिवशी रिकामी होते, म्हणून पहाटेच्या त्या दहा मिनिटांत मुद्दाम दुसरं काही ठेवा. लिटर बॉक्स हलवा, पांघरूण मात्र लगेच धुऊ नका. घट्ट बंद पिशवीत ठेवलं तर वास काही दिवस टिकतो. लसीचे मेसेज आणि दरमहा येणारी खाण्याची ऑर्डर बंद करा. गूगल फोटोजमध्ये त्या मांजराचा चेहरा आठवणींतून लपवता येतो. फोटो जात नाहीत, फक्त अचानक समोर येत नाहीत.

लहान मुलांना ‘झोपली’ किंवा ‘डॉक्टरांनी झोपवलं’ असं सांगू नका. मग ती स्वतः झोपायला घाबरतात. ‘मनी मेली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही’ हे कठोर वाटतं, पण मूल हेच पचवतं.

घरात दुसरं मांजर असेल तर आधी त्याच्या वाटीकडे बघा. जोडीदार गेल्यावर ते शोधत फिरतं, ओरडतं, खाणं सोडतं. मांजर सलग दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून ते बिघडतं. कानाच्या आतली कातडी पिवळी दिसली म्हणजे आजार बराच पुढे गेलेला असतो. २४ तास तोंड लावलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. तोवर खाणं कोमट करून हाताने द्या. आणि फोटोसमोरच्या फुलांत लिली नको. परागकण चाटले तरी मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.

‘दुसरं आण ना’ म्हणणाऱ्यांकडे सध्या दुर्लक्ष करा. पण आणायचं ठरलंच तर आधीचं कशाने गेलं ते महत्त्वाचं. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो, आणि फिनाइलने जात नाही. उलट फिनाइल मांजरांना विषारीच. लादी आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात ३० मिली ब्लीच घालून दहा मिनिटं ओली राहू द्या आणि साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका. धुता न येणारी गादी, लाकडी खाजवणी टाकून द्या. पिल्लू घरात घ्यायचं ते लसींचा कोर्स पूर्ण होऊन दोन आठवडे झाल्यावर.

हे सगळं होऊनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही चालू असतं. ‘मांजर गेलंय’ एवढंच सांगून सुरुवात केली तरी चालतं.