दिसणं आणि दिसून येणं

‘तो थकलेला दिसतोय’ आणि ‘तो थकला होता हे यावरून दिसून येतं’. दोन्हीकडे धातू एकच, पण पहिल्या वाक्यात शंकेला जागा आहे आणि दुसऱ्यात ती मिटलेली आहे. प्राचीन ग्रीकमधल्या ‘फाइनेस्थाइ’ या क्रियापदाचंही असंच आहे. त्याच्यासोबत ‘असणे’चं ‘ओन’ हे कृदंत आलं तर अर्थ होतो ‘उघडच तसा आहे’. ‘एइनाइ’ हे मूळ रूप आलं तर ‘तसा वाटतो, असेलच असं नाही’. ‘फाइनोमेनॉन’, म्हणजे ‘जे दिसतं ते’, हा शब्द याच क्रियापदापासून आला. त्याला सरसकट ‘आभास’ म्हटलं की अर्धा अर्थ गळतो, शिवाय आपल्याला लगेच दोरी आणि साप आठवतात. पण दोरी कळली की साप उरत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो सावल्यांचं उदाहरण देतो, ते पुढे येईलच; त्यातली सावली झाड ओळखल्यावरही जमिनीवर तशीच पडलेली असते, आणि ती त्या झाडाचीच असते.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या सहाव्या भागाच्या शेवटी सॉक्रेटिस ग्लॉकॉनला एक रेघ दुभागायला सांगतो. हा उतारा नुसता वाचू नये, कागदावर काढावा. ९ सेंटिमीटरची उभी रेघ घ्या. तिचे १ः२ या प्रमाणात दोन भाग करा: खाली ३, वर ६. खालचा भाग डोळ्यांना दिसणाऱ्याचा, वरचा बुद्धीला कळणाऱ्याचा. आता प्रत्येक भाग पुन्हा त्याच प्रमाणात तोडा. खालून वर १, २, २ आणि ४ सेंटिमीटर असे चार तुकडे मिळतील.

सर्वांत खाली सावल्या, पाण्यातली आणि गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभागांवरची प्रतिबिंबं. तिथली मनाची अवस्था ‘एइकासिया’, म्हणजे प्रतिमेवरून बांधलेली अटकळ. त्यावर प्राणी, वनस्पती, माणसाने घडवलेल्या वस्तू. अवस्था ‘पिस्टिस’, म्हणजे भरवसा. (प्लेटोच्या आधीच्या पार्मेनिडीस या तत्त्वज्ञाने मर्त्यांच्या मतांत खरा ‘पिस्टिस’ नसतो असं म्हटलं होतं. शब्द तोच.) तिसरा तुकडा ‘डिआनोइया’चा, म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या विचाराचा: गणिती सम-विषम, आकृत्या, कोनांचे तीन प्रकार गृहीत धरून निष्कर्षाकडे उतरतात. चौथा ‘नोएसिस’, म्हणजे थेट बुद्धीने जाणणं: इथे गृहीतकांनाच पायऱ्या करून, जिला स्वतःला कशाचं गृहीतक लागत नाही अशा आरंभापर्यंत चढायचं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चार तुकडे खालून वर मोठे मोठे काढणं, १, २, ३, ४ असे. सांगितलेल्या कृतीतून तसं निघूच शकत नाही. मधले दोन तुकडे नेहमी सारखेच येतात. प्रमाण १ः४ घ्या आणि १० सेंटिमीटरची रेघ तोडा: ०.४, १.६, १.६, ६.४. कारण साधं आहे. पहिल्यांदा तोडल्यावर मिळालेले दोन भाग अ आणि ब सेंटिमीटरचे असतील तर दुसरा तुकडा अ गुणिले ब भागिले (अ + ब), आणि तिसराही तोच. वरचा भाग मोठा की खालचा, हे मात्र प्लेटो सांगत नाही. पुढच्या काळातल्या प्लुटार्क या ग्रीक लेखकाने या प्रश्नावर स्वतंत्र चर्चा केली आहे.

मधल्या दोघांच्या बरोबरीबद्दल प्लेटो अवाक्षर काढत नाही आणि अडचण खरी आहे: तुकडे स्पष्टतेच्या प्रमाणात असतील, तर तिसरा दुसऱ्याहून लांब असायला हवा. काही अभ्यासक याला निष्काळजीपणा समजतात. मला ते पटत नाही. भूमितीकार वाळूत चौकोन काढतो तेव्हा ती आकृती दुसऱ्या तुकड्यातली वस्तू असते, तिची सावलीही पडू शकते. पण त्याचा विचार त्या रेषांबद्दल नसून चौकोनाबद्दल, त्याच्या कर्णाबद्दल चाललेला असतो. म्हणजे तीच आकृती आता प्रतिमा म्हणून वापरली जाते. वस्तू बदललेली नाही, तिच्याकडे बघणं बदललं आहे. पुढे सातव्या भागात प्लेटो मनाच्या अवस्थांचं प्रमाण पुन्हा मांडतो, पण त्यांच्या विषयांचं प्रमाण मुद्दाम बाजूला ठेवतो: त्यात शिरलो तर चर्चा कितीतरी पटीने वाढेल.

मग दिसण्याने फसवलं तर करायचं काय? दहाव्या भागात उत्तर अगदी कारागिराचं आहे: मोजा, गणना करा, वजन करा. पाण्यात अर्धी बुडालेली काठी वाकडी दिसते. बाहेर काढली की सरळ. मोजपट्टी लावून ती सरळ असल्याची खात्री झाली, तरी पाण्यात घातल्यावर ती पुन्हा वाकडीच दिसते. अ‍ॅरिस्टॉटलचं उदाहरण याच जातीचं: सूर्य फूटभर रुंदीचा दिसतो आणि तो आपल्या वस्तीच्या जगाहून मोठा आहे अशी खात्री असलेल्यालाही तेवढाच दिसत राहतो. प्लेटो यावरून काढतो तो निष्कर्ष काठीबद्दल नाही, पाहणाऱ्याबद्दल आहे. एकाच गोष्टीबद्दल एकाच वेळी दोन उलट मतं मनाच्या एकाच भागात राहू शकत नाहीत; तेव्हा मोजमापावर विश्वास ठेवणारा भाग वेगळा आणि काठी वाकडी म्हणणारा वेगळा.