कार्ड एक, चुली दोन

दर वर्षी दिवाळी उरकली की आमच्या कृष्णाकाठच्या गावात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. गावाबाहेरच्या माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात आणि पुढचे चार-पाच महिने, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ही माणसे आमचीच शेजारी असतात. आमचा दोन एकर ऊस तोडायला येणाऱ्या टोळीतल्या एका मावशींची आणि माझी ओळख जुनी आहे. मी शाळेत शिकवत असे, म्हणून त्या मला अजूनही बाईच म्हणतात. दोन हंगामांपूर्वी त्या आमच्या किराणा दुकानातून विकतचे तांदूळ नेत असताना मी सहज विचारले, की रेशनचे धान्य येथे का उचलत नाही? त्यांचे उत्तर मला निरुत्तर करून गेले. त्या म्हणाल्या, "बाई, तिकडं म्हातारा-म्हातारी हायती. समदं इथंच उचललं तर त्यांनी काय खावं?"

या एका वाक्यात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाची सगळी अडचण आहे. ऊसतोडीला घर अर्धेच येते. कोयता धरणारे नवरा-बायको येतात, हाताशी आलेला मुलगा येतो, आणि सासू-सासरे व शाळेत जाणारी मुलगी गावी राहतात. कार्ड मात्र एकच असते. ते गावी ठेवायचे की सोबत आणायचे, हा प्रश्न मावशींच्या घरात प्रत्येक वर्षी निघायच्या आदल्या रात्री निघे, आणि कार्ड गावीच ठेवायचे असे ठरे. सासऱ्यांना दुकानापर्यंत जाणे जमले तर धान्य घरी येई. ते आजारी पडले आणि महिना संपला, तर त्या महिन्याचे धान्य गेले असे समजायचे.

वास्तविक ही अडचण कागदावर सुटलेली आहे. 'एक देश एक रेशनकार्ड' या योजनेची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये दोन जोड्यांनी झाली. आंध्र प्रदेश आणि तेलंगणा ही एक जोडी, गुजरात आणि महाराष्ट्र ही दुसरी. करोनाच्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले तेव्हा या सोयीची निकड सगळ्या देशाला दिसली. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना 31 जुलैपर्यंतची मुदत घालून दिली, आणि 2022 च्या जूनमध्ये शेवटी आसाम आल्यावर सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश त्यात आले. अन्न सुरक्षा कायद्याखालचे कार्ड असेल आणि ते आधारशी जोडलेले असेल, तर देशातल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येते. कार्डाचा बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगितला तरी पुरते. छापील कार्ड गावीच राहिले तरी चालते, आणि मावशींच्या घरातला आदल्या रात्रीचा वाद त्यामुळे मुळातच संपतो.

परंतु मला सर्वांत मोलाची वाटते ती यातली एक कमी ठाऊक असलेली तरतूद. धान्य तुकड्याने उचलता येते. मावशींच्या कार्डावर सहा नावे आहेत आणि ते प्राधान्य कुटुंबाचे कार्ड आहे, म्हणजे माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला तीस किलो धान्य. त्यातले पंधरा किलो त्यांनी आमच्या गावात घेतले, तर उरलेले पंधरा किलो सासऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या दुकानात त्याच महिन्यात मिळू शकते. (सर्वांत गरीब कुटुंबांना मिळणारे अंत्योदय कार्ड असेल तर माणसे किती का असेनात, कुटुंबाला पस्तीस किलो असतात.) 2023 च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत आहे. हंगामातल्या चार-पाच महिन्यांचा विचार करा. मजूर आणणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असताना खिशातून विकत घ्यावे लागणारे तितके धान्य वाचणे, ही त्या घरासाठी मोठी गोष्ट आहे.

मी मावशींना घेऊन गावातल्या रेशन दुकानात गेले. तेथे काय घडले ते सविस्तर सांगते, कारण असेच बहुतेकांच्या बाबतीत घडत असावे असे मला वाटते. दुकानदाराने प्रथम सांगितले, की माल गावातल्या कार्डांपुरताच येतो, बाहेरच्यांना दिला तर गावकऱ्यांना कमी पडेल. हे म्हणणे चुकीचे असले तरी सर्वस्वी निराधार नाही. दुकानाला मिळणारे नियतन, म्हणजे धान्याचा कोटा, त्याला जोडलेल्या कार्डांवरून ठरते. महिनाअखेर पंचवीस-तीस नवी कुटुंबे आली तर पोत्यांचा तळ दिसू लागतो, आणि भर पडते ती पुढच्या नियतनात. जेथे दर वर्षी ठरल्या महिन्यात हजारो कुटुंबे येतात, त्या तालुक्यांना हंगामापूर्वीच जादा नियतन का देऊ नये, हे मला आजवर समजलेले नाही. कोणत्या कारखान्याच्या क्षेत्रात किती कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, उतरणार, याचा हिशेब मुकादमांकडे आणि कारखान्यांकडे करारांच्या वेळीच असतो.

दुसरे म्हणणे असे, की घ्यायचे तर पूर्ण घ्या, अर्धवट नोंद करता येत नाही. आम्ही तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत गेलो. तेथल्या निरीक्षकांनी दुकानदाराला फोनवरच समजावले, आणि त्या दुपारी पंधरा किलोची पावती निघाली. कोणाला तहसिलीपर्यंत जाणे शक्य नसेल, तर 1967 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि या योजनेसाठीच 14445 हा क्रमांक आहे. फोन करताना दुकानाचा क्रमांक हाताशी असावा. तो दुकानाच्या फलकावर लिहिलेला असतो.

यंत्रावर अंगठा उमटणे हा वेगळाच त्रास. उसाची पाने तळहात कापतात, कोयत्याच्या मुठीने कातडे जाड होते, आणि अशा हाताची रेषा यंत्राला वाचता येत नाही. मावशींचा अंगठा चार वेळा नाकारला गेला. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. दहांपैकी कोणतेही बोट चालते, हे सांगायला कोणी नसेल तर माणूस पहिल्या नकारानंतरच परत फिरतो. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू ठेवणेही महत्त्वाचे, कारण बोट लागलेच नाही तर काही ठिकाणी त्यावर येणारा ओटीपी उपयोगी पडतो. ई-केवायसीची, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याची, सूचना आली म्हणून काम सोडून, भाडे खर्चून गावी जाणारी माणसेही मी पाहिली आहेत. तीही जेथे असाल तेथल्या रास्त भाव दुकानात करता येते.

मावशींच्या सुनेची गोष्ट मात्र अजून माझ्या मनातून जात नाही. लग्न होऊन तीन वर्षे झाली, ती नवऱ्याच्या जोडीने कोयता चालवते, पण तिचे नाव माहेरच्या कार्डावरून काढलेलेच नाही. तिचा अंगठा लावला तेव्हा यंत्रावर वडिलांचे कार्ड उघडले. तिच्या वाट्याचे पाच किलो ती येथे रीतसर घेऊ शकत होती. तिने हात मागे घेतला. तिकडे भाऊ-भावजय काय म्हणतील, या विचाराने ती गप्प उभी राहिली. तिच्या मुलीचे, म्हणजे कोपीतच वाढणाऱ्या दोन वर्षांच्या नातीचे नाव तर कोणत्याच कार्डावर नव्हते. लग्नानंतर माहेरच्या कार्डावरून नाव कमी करणे, सासरच्या कार्डावर वाढवणे आणि मूल जन्मले की त्याचे नाव चढवणे ही कामे कार्ड ज्या तालुक्याचे आहे त्या तालुक्यातून व्हावी लागतात. ज्यांचे अर्धे वर्ष उसाच्या फडात जाते त्यांना त्या फेऱ्या मारायला सवड कधी मिळणार? धान्य माणसामागे चालू लागले, पण नाव अजून गावातच अडकले आहे.

येथून पुढे कर्नाटकात बेळगावकडच्या कारखान्यांवर जाणाऱ्या टोळ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परराज्यात मिळते ते केवळ केंद्राच्या वाट्याचे धान्य. आपल्याकडे सणाला मिळालेल्या आनंदाच्या शिध्यासारख्या वस्तू त्या त्या राज्याच्या असतात, आणि त्या दुसऱ्या राज्याच्या दुकानात मागून उपयोग नाही. जे कायमचेच दुसरीकडे राहायला गेले आहेत, त्यांनी मात्र या सोयीवर विसंबून न राहता नव्या पत्त्यावर कार्ड करून घ्यावे.

त्या दिवशी दुकानातून निघताना मावशींनी पावतीचा फोटो मुलाकरवी गावी पाठवला. चार दिवसांनी सासऱ्यांचा फोन आला. त्यांना उरलेले पंधरा किलो मिळाले होते. पट्टा पडल्यावर टोळी परत निघाली तेव्हा सुनेच्या पिशवीत मी दोन अर्ज भरून ठेवले, एक तिच्या नावाचा आणि एक नातीचा. पुढच्या दिवाळीनंतर ती माणसे आली तेव्हा कार्डावर आठ नावे होती.