टिनियन: दोन खड्डे पाहून परत फिरू नका

सायपानहून टिनियनला जायचं तर बॅगेबरोबर माणसाचंही वजन करतात. विमान जेमतेम सहा जणांचं, त्यामुळे कोणी कुठे बसायचं हे तिकिटावर नाही, काट्यावर ठरतं. मला वैमानिकाच्या शेजारची जागा मिळाली आणि बायकोला शेवटची, कोणाच्या तरी किराणामालाच्या खोक्यांना टेकून. मधे अरुंद सामुद्रधुनी आहे. ती ओलांडायला लागणाऱ्या वेळेत चहासुद्धा गार होत नाही.

प्रशांत महासागरातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या उत्तर मारियाना बेटांपैकी टिनियन हे एक, शेजारचं सायपान हे दुसरं. हिरोशिमा आणि नागासाकीवर पडलेले अणुबॉम्ब टिनियनवरच विमानात चढवले गेले. क्षेत्रफळ शंभरेक चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास, चलन डॉलर. सान होजे हे एकच गाव, तेही दक्षिण टोकाला. गावात इथल्या मूळच्या चामोरो लोकांच्या पूर्वजांनी उभारलेले प्रचंड दगडी खांब आहेत, त्यांतला एकच आता उभा आहे. ते पाहून आम्ही भाड्याची गाडी उत्तरेकडे वळवली. रस्त्याचं नाव ब्रॉडवे. बेटाचा आकार मॅनहॅटनसारखा वाटला म्हणून १९४४ साली आलेल्या अमेरिकी बांधकाम तुकड्यांनी इथल्या रस्त्यांना न्यूयॉर्कमधली नावं दिली. त्या ब्रॉडवेवर आम्हाला भेटल्या त्या गाई, आणि दोन्ही बाजूंना गच्च झाडी.

"अरे, हे तर सुबाभूळ!" बायको म्हणाली. ती वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे प्रवासात डोंगरदऱ्यांपेक्षा तिचं लक्ष कुंपणांकडे जास्त. आपल्याकडे बांधावर शेळ्यांसाठी लावतात तेच झाड. इथे त्याला तांगानतांगान म्हणतात. युद्धात जमीन उघडीबोडकी झाली, माती वाहून जाऊ नये म्हणून युद्धानंतर याचं बी टाकलं गेलं आणि मग ते कोणाचं ऐकेना. त्याआधी बेटाचा बहुतेक भाग उसाखाली होता. पहिल्या महायुद्धात उत्तर मारियाना बेटं जपानच्या ताब्यात आली, एका जपानी कंपनीने साखर कारखाना काढला आणि ऊस लावायला मुख्यतः ओकिनावाहून शेतकरी आणले. २४ जुलै १९४४ ला अमेरिकी मरीन सैनिक उत्तरेच्या दोन चिंचोळ्या पुळणींवर उतरले आणि १ ऑगस्टला बेट पडलं. उसाच्या मळ्यांवरून बुलडोझर फिरले.

नॉर्थ फील्ड म्हणजे युद्धातला अमेरिकी बी-२९ बॉम्बर विमानांचा तळ. तिथे पोचलात की नाही, हे पहिल्यांदा कळतच नाही. रान एकदम बाजूला होतं आणि गाडी एका अवाढव्य रुंद डांबरी पट्ट्यावर येते. हीच 'एबल' धावपट्टी. तिला समांतर बेकर, चार्ली आणि डॉग. प्रत्येकीची लांबी साधारण २,६०० मीटर, म्हणजे जवळपास पुण्याच्या लोहगावच्या धावपट्टीएवढी, आणि अशा चार शेजारीशेजारी. बेटाच्या मध्यावर वेस्ट फील्डला आणखी दोन होत्या. आपण उतरतो तो आजचा विमानतळ तिथलाच. हे सगळं वर्षभराच्या आत झालं. बेटावरचं पोवळं फोडायचं, पसरायचं, भिजवून रोलरने दाबायचं आणि वर डांबर. ऐंशी वर्षांनंतरही गाडी खडखडत नाही, हे महाराष्ट्रातल्या माणसाने मुद्दाम नोंदवावं असं आहे.

इथे येणारा प्रत्येक जण आधी अणुबॉम्बच्या खड्ड्यांकडे जातो. आम्हीही गेलो. एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन आयताकृती खड्डे आहेत, वर काचेचं छप्पर, आत जुनी छायाचित्रं. हिरोशिमावर पडलेला अणुबॉम्ब 'लिटल बॉय' चार टनांहून जड होता, नागासाकीवरचा 'फॅट मॅन' त्याहून थोडा जास्तच. विमानाचं पोट जमिनीपासून इतकं खाली की एवढा बॉम्ब खालून चढवायला जागाच नव्हती. म्हणून बॉम्ब खड्ड्यात उतरवायचा, विमान मागे ढकलत त्यावर आणायचं आणि हायड्रॉलिक लिफ्टने उचलून पोटात घ्यायचा. ६ ऑगस्ट १९४५ च्या पहाटे पावणेतीनला 'एनोला गे' हे विमान 'लिटल बॉय' घेऊन हिरोशिमाकडे एबलवरून उडालं. वैमानिक कर्नल पॉल टिबेट्सने विमानाला स्वतःच्या आईचं नाव दिलं होतं. आदल्या रात्री, बॉम्बची जबाबदारी असलेल्या नौदलाच्या कॅप्टन पार्सन्सने इथेच बी-२९ विमानं उड्डाण करताना कोसळून पेटलेली पाहिली होती. असंच याही विमानाचं झालं तर बेटाचंच काय होईल, या धास्तीने त्याने बॉम्बची शेवटची जुळणी आकाशात, उडत्या विमानात करायचं ठरवलं. तीन दिवसांनी दुसऱ्या खड्ड्यावरून भरलेला बॉम्ब नागासाकीवर पडला.

काचेसमोर लोक फोटो काढतात आणि निघतात. आमच्या आधी आलेली मंडळी दहा मिनिटांत गेली. मला मात्र वाटतं, टिनियन कळायचं तर खड्ड्यांकडे पाठ करून धावपट्टीच्या पूर्वेकडच्या टोकापर्यंत जायला हवं. तिथे डांबर संपतं, थोडी झाडी लागते आणि पुढे थेट समुद्र.

या टोकापर्यंत विमान येईपर्यंत ते जमीन सोडेल की नाही, याची खात्री आतल्या अकरा जणांना नसायची. बी-२९ म्हणजे इंधन आणि बॉम्ब भरून साठ टनांच्या घरातलं धूड. चार इंजिनं, तीही घाईघाईत वापरात आणलेली. ती तापायची, आवरणात मॅग्नेशियम असल्याने एकदा आग लागली की पंख जळून जाण्याआधी ती विझवणं कठीण. म्हणून धावपट्टी सोडल्यावर कित्येक वैमानिक वर चढायचेच नाहीत. पाण्याच्या दिशेने थोडं खाली येऊन आधी वेग घ्यायचा, इंजिनांना वारा लागू द्यायचा, मग हळूहळू उंची. चार पट्ट्यांवरून एकामागून एक, रात्रीच्या रात्री, हेच.

अकरांपैकी बहुतेकांना बाहेरचं काही दिसायचंही नाही. रडारवाला अंधाऱ्या खणात, फ्लाइट इंजिनिअर सहवैमानिकाच्या मागे काट्यांच्या भिंतीसमोर, शेपटीचा तोफची तर सगळ्यांपासून तुटलेला. पुढची आणि मागची केबिन जोडायला बॉम्बकक्षाच्या वरून एक बोगदा, त्यातून रांगत जायचं. जपान सुमारे अडीच हजार किलोमीटरवर. जाऊन येऊन बारा ते पंधरा तास, जवळजवळ सगळा प्रवास पाण्यावरून. परतीला इंधन संपत आलं किंवा इंजिन गेलं तर समुद्रात उतरणं एवढाच मार्ग होता. मार्च १९४५ मध्ये अर्ध्या वाटेवरचं इवो जिमा बेट हाती आलं आणि युद्ध संपेपर्यंत तिथे बी-२९ विमानं दोन हजारांहून अधिक वेळा उतरली. ते मिळवताना पावणेसात हजारांच्या वर अमेरिकी सैनिक मेले होते.

तीच पोरं (बहुतेक जण विशीतले) ९ मार्च १९४५ च्या संध्याकाळी याच पट्ट्यांवर रांग लावून उभी होती. तोपर्यंत खूप उंचावरून बॉम्ब टाकले जात, आणि जपानवरच्या जोरदार वाऱ्यांमुळे ते भलतीकडे पडत. या बॉम्बर विमानांचा प्रमुख जनरल लमे याने हुकूम बदलला: रात्री जा, पाच ते नऊ हजार फुटांवरून जा, तोफांचा दारूगोळा काढून त्या वजनात आगलावे बॉम्ब भरा. ग्वाम, सायपान आणि टिनियन मिळून तीनशेहून अधिक विमानं उडाली, २७९ टोकियोवर पोचली. लाकडी घरांचं शहर. सकाळपर्यंत एक्केचाळीस चौरस किलोमीटर जळून गेलं होतं आणि सुमारे एक लाख माणसं मेली होती. शेवटच्या विमानांमधल्या लोकांना जळत्या मांसाचा वास आला, असं त्यांनीच नंतर सांगितलं आहे. त्या रात्रीची मोजदाद नागासाकीच्या तोडीची किंवा जास्तच, पण तिच्यासाठी इथे काचेचं छप्पर नाही. त्यासाठी खास खड्डा लागला नव्हता. नेहमीची विमानं, नेहमीची माणसं. उरलेल्या दिवसांत इथलीच विमानं जपानच्या बंदरांत सुरुंग टाकत होती, बारा हजारांहून अधिक. त्या मोहिमेचं नाव 'स्टार्व्हेशन', उपासमार. निदान नावात आडपडदा ठेवला नाही.

मला वेस्ट फील्डमध्ये वेगळाच रस होता. मी खडगपूरच्या आयआयटीत शिकलो. संस्थेची सुरुवात झाली ती हिजलीच्या बंदिवासाच्या इमारतीत. १९३१ साली तिथे पोलिसांच्या गोळीबारात दोन राजबंदी मेले, ही गोष्ट तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्याच इमारतीत युद्धकाळात अमेरिकी विसाव्या बॉम्बर कमांडचं ठाणं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. १९४४ मध्ये बी-२९ विमानं आधी आपल्याकडेच आली: खडगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. जपान गाठायचं तर आधी हिमालय ओलांडून चीनमध्ये चेंगडूला जायचं. तिथल्या तळांवर इंधन नाही, तेही याच विमानांनी डोंगरावरून वाहून न्यायचं. एका हल्ल्यासाठी इंधनाच्या कितीतरी फेऱ्या. हा आतबट्ट्याचा व्यवहार फार दिवस चालणार नव्हताच. मारियाना बेटांना तेलाचं जहाज थेट धक्क्याला लागतं, सगळा फरक तेवढाच. १९४५ च्या वसंतात बंगालमधली अठ्ठावन्नावी विंग, म्हणजे तिथली बी-२९ विमानांची तुकडी, बाडबिस्तरा आवरून टिनियनच्या वेस्ट फील्डवर आली. ज्यांनी वर्षभर खडगपूरचा धुरळा आणि उन्हाळा सोसला त्यांना इथला समुद्रवारा स्वर्ग वाटला असणार. मी दोन्ही ठिकाणी राहून हे खात्रीने सांगू शकतो.

एबलच्या जवळच जपानी नौदलाच्या हवाई विभागाची जुनी काँक्रीटची इमारत आहे, छताला भगदाडं आणि भिंतींतून बाहेर आलेल्या सळया. आत वटवाघळं किंवा दारू पिणारे कोणी असतील म्हणून आम्ही टॉर्च घेऊन गेलो. होते ते फक्त डास. गेल्या काही वर्षांत अमेरिकी हवाई दलाने नॉर्थ फील्डवरचं रान काढून धावपट्ट्या पुन्हा मोकळ्या करायला घेतल्या आहेत. या वेळी नजर चीनवर आहे. त्यामुळे कोणता भाग कधी बंद असेल ते सान होजेत विचारूनच निघा.

जायचंच असेल तर: भारतीय पासपोर्टला अमेरिकेचा व्हिसा लागतो. गाडी सायपानहूनच ठरवून ठेवा, उजवीकडून चालवायची आहे. नॉर्थ फील्डवर पाणी, सावली, दुकान काही नाही. आणि सान होजेत 'दोनी साली' नावाची बोटभरही नसलेली लाल मिरची मिळते. तिथे दरवर्षी मिरचीचा उत्सव भरवतात. आपण लवंगी खाणारे, आपल्याला काय, असं म्हणून अख्खी तोंडात टाकू नका.