वाट्याला आलेला उतारा

आठ-सतराची लोकल पकडायची असेल तर सकाळी प्रार्थनेला फार तर पंधरा मिनिटं मिळतात. त्यातली पाच ‘आज काय वाचू?’ यातच गेली, तर मननाला उरलं काय? मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत रोजचं बायबलवाचन बहुतेक इथेच मोडतं, श्रद्धा कमी पडते म्हणून नव्हे. उतारा आपण निवडू नये, तो वाट्याला यावा, हे जुन्या मंडळींचं म्हणणं म्हणूनच घड्याळालाही पटणारं आहे.

कॅथलिक घरांत हा प्रश्न चर्चनेच सोडवून ठेवलाय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर 1969 साली वाचनांचा नवा क्रम आला. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात, आणि येशूची गोष्ट सांगणारी शुभवर्तमानं त्यात वाटून येतात: ‘अ’ वर्षात मुख्यतः मत्तय, ‘ब’मध्ये मार्क, ‘क’मध्ये लूक. कुठलं वर्ष चाललंय हे काढायची सोपी युक्ती आहे. सालाचे आकडे मिळवा; बेरजेला तीनने भाग गेला तर ‘क’, एक उरला तर ‘अ’, दोन उरले तर ‘ब’. 2025 ची बेरीज 9, म्हणून ‘क’. 2026 ची 10, म्हणून ‘अ’. मेख अशी की हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो, आणि त्या दिवसापासून पुढच्या सालाचा हिशेब लागू होतो. डिसेंबरभर जुनंच वर्ष धरून बसणारे मग देवळात ‘आज भलतंच काय वाचतायत’ म्हणून एकमेकांकडे बघतात. आठवड्यातल्या दिवसांचं शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असतं. सामान्य काळात, म्हणजे नाताळ, ईस्टर आणि त्यांच्या तयारीचे काळ सोडून उरलेल्या आठवड्यांत, शुभवर्तमानाआधीचं पहिलं वाचन तेवढं सम-विषम सालाप्रमाणे बदलतं.

प्रोटेस्टंट घरांत ‘वर्षात अख्खं बायबल’ या संकल्पाची परंपरा आहे. एकूण 1189 अध्याय, म्हणजे रोज तीनहून थोडे जास्त. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 उत्साहात पार पडतात, आणि जानेवारीच्या अखेरीस गाडी लेवीयमध्ये शिरते. तिथला तेरावा अध्याय 59 ओव्यांचा. कातडीवरचे चट्टे याजकाने कसे तपासायचे याची सविस्तर माहिती. संकल्प इथे गचके खातो. दोष लेवीयचा नाही. यज्ञ आणि शुद्धीचे ते नियम सावकाश, कुणाच्या तरी मदतीने समजून घ्यायचे असतात. कांदिवलीला उभं राहून अंधेरीपर्यंत उरकायचे नसतात. त्यापेक्षा नवा करार बघा: 260 अध्याय. सोमवार ते शुक्रवार एकेक घेतला की बरोबर 52 आठवडे होतात, आणि शनिवार-रविवार मोकळे. सोबत रोज एक स्तोत्र. फक्त 119 वं एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. त्याच्या 176 ओव्या आठ-आठच्या 22 भागांत मुळातच बांधलेल्या आहेत, तेव्हा एका दिवशी एक भाग पुरे.

क्रमाने वाचण्याचा खरा फायदा वेळेचा नाहीच. वचनाला शेजार असतो, तो क्रमाने गेल्याशिवाय दिसत नाही. नव्या वर्षाला वचनांची कार्डं काढतात, त्यात यिर्मया 29:11 हमखास असतं: देवाच्या मनातल्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नव्हेत. ते फ्रिजवर लागतं, मोबाईलवर फिरतं. त्याच्याच वरच्या ओवीत बाबेलमध्ये सत्तर वर्षं काढायची आहेत असं लिहिलंय, ते कार्डावर कुणी छापत नाही. त्याहून वर, पाचव्या ओवीत, परक्या मुलखात घरं बांधा, बागा लावा, त्यांचं फळ खा, असा सल्ला आहे. हे सगळं मिळून पत्र आहे, यरुशलेमहून बाबेलला हद्दपार झालेल्यांना लिहिलेलं. एवढं वाचलं की अकरावी ओवी गोड लागायची थांबते, आणि जड होते. पुनर्विकासाची इमारत कधी उभी राहील याची वाट बघणाऱ्या घरात तर ती विशेषच कळते.

मार्कच्या दहाव्या अध्यायाचंही तसंच. सामान्य काळाच्या आठव्या आठवड्यात बुधवारी याकोब आणि योहान हे बारा शिष्यांपैकी दोघे येशूकडे येतात. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? त्यांना गौरवात त्याच्या उजवी-डावीकडच्या जागा हव्या असतात. (विरार गाडीत ‘जरा सरका’ म्हणणाऱ्यांना हे दोघे नवे नाहीत. बाकीचे दहा जण चिडतात, तेही नवं नाही.) गुरुवारी यरीहोबाहेर आंधळा बार्तीमय ओरडत असतो, लोक त्याला गप्प करत असतात, आणि येशू थांबून त्याला तोच प्रश्न विचारतो. मला दिसावं, एवढंच तो मागतो. प्रश्न एकच, मागणी एकाची मान्य होते, दोघांची नाही. सुटा उतारा वाचणाऱ्याच्या हातून हे निसटतं. आणि पन्नासाव्या ओवीत, बोलावणं येताच बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्याकडे दुसरं असेल का? डोळे नसताना गर्दीत टाकलेलं परत हाताला लागेल का? मननाला त्या दिवशी एवढंच धरलं तरी चालतं.

कसं धरायचं, याची शिस्त जुनी आहे. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि शेवटी नुसतं देवासमोर असणं. सात ओव्या मोठ्याने वाचायला मिनिटभर लागतो. दुसऱ्यांदा सावकाश वाचाव्यात आणि जिथे अडखळायला होईल तिथे थांबावं. मग पाच मिनिटं गप्प. मग जे सुचेल ते आपल्या शब्दांत, फादरांच्या किंवा पाळकसाहेबांच्या नव्हे. छापील चिंतन असेल तर ते याच्यानंतर उघडावं. आधी वाचलं की उताऱ्यात फक्त त्यातलंच दिसतं. दुसरी एक खोड फार चिवट: ‘हे आमच्या धाकट्या जावेने ऐकायला हवं होतं’ असं वाटू लागणं. तसं वाटलं की तिसऱ्यांदा वाचावं.

खुणा पेन्सिलीने कराव्यात. बायबलचा कागद पातळ असतो, जेल पेनची शाई मागच्या पानावर उतरते, आणि पावसाळ्यात ती आणखी पसरते. उद्याचा उतारा रात्रीच काढून फीत ठेवावी. मोबाईलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करावं, नाहीतर बार्तीमय अर्ध्या वाटेवर राहतो आणि सोसायटीचा ग्रुप पाण्याच्या टँकरवर बोलू लागतो.

चार दिवस बुडाले तर मागची थकबाकी भरत बसू नये. त्या नादात पाचवाही बुडतो. आजची तारीख काढावी आणि सुरू करावं. फार चुटपुट लागली तर शनिवारी दुपारी आठवड्याची सहाही शुभवर्तमानं सलग वाचावीत. त्या आठव्या आठवड्यात ती सगळी मिळून साठेक ओव्यांची होतात, आणि दहा मिनिटांत संपतात.