औंध ते किर्लोस्करवाडी : लक्ष्मणरावांच्या वाटेने

लोखंडी नांगर बनवणारे उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची आठवण जागवायला बहुतेक लोक थेट त्यांनी वसवलेल्या किर्लोस्करवाडीच्या स्टेशनात उतरतात. मी सुरुवात सातारा जिल्ह्यातल्या औंधपासून केली, आणि ज्यांना एक दिवस मोकळा आहे त्यांनी असंच करावं. कारण वाडीची जमीन औंध संस्थानची. संस्थान लहान आणि तुकड्यातुकड्यांचं. राजधानी खटावच्या माळावर, आटपाडी दुष्काळी पट्ट्यात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात. बेळगावात नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे लक्ष्मणरावांना कारखान्यासाठी नवी जागा शोधणं भाग पडलं, तेव्हा राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची ३२ एकर जमीन दिली, वर १०,००० रुपये बिनव्याजी दिले. हे १९१० साल. राजे गादीवर येऊन उणंपुरं वर्ष झालं होतं. ते स्वतः चित्रकार. औंधच्या टेकडीवर यमाईचं दर्शन घेऊन खालचं श्री भवानी संग्रहालय सावकाश पाहा, म्हणजे हाताने काही घडवणाऱ्या माणसावर या राजाचा विश्वास का बसला असेल, याचा अंदाज येतो.

लक्ष्मणरावांनाही चित्रकारच व्हायचं होतं. जन्म २० जून १८६९, गुर्लहोसूरचा, बेळगाव जिल्ह्यातला. वडील वेदान्ती; त्यांचा विरोध असताना थोरले भाऊ रामूअण्णा पाठीशी राहिले, म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जाता आलं. तिथे कळलं की आपल्याला रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेषा सुटली नाही. यंत्रचित्रणावर हात बसला आणि त्यावर मुंबईतच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवण्याची नोकरी मिळाली. मोकळा वेळ तिथल्या वर्कशॉपमध्ये जायचा. बढती डावलून दुसऱ्याला दिली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला भावाकडे परतले आणि दोघांनी सायकलचं दुकान मांडलं. पाटीवर नाव 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढे १९२० साली कंपनी रीतसर नोंदवली तेव्हाही हेच नाव ठेवलं. भाऊ नावात होता, कारण तो कामात होता.

औंधहून पुसेसावळी, कडेगाव करत कुंडलला उतरताना रान बदलत जातं. ज्वारीचा माळ मागे पडतो, ऊस आणि द्राक्षबागा सुरू होतात. आजची ही हिरवाई पाहून १९१०ची कल्पना करता येत नाही. तेव्हा इथे निवडुंग माजलेला होता आणि नागांचा सुळसुळाट होता. मग हीच जागा का घेतली? उत्तर कुंडल रोड स्टेशनात आहे. बेळगावहून मिरजेवरून पुण्याला जाणारी रेल्वे या माळाला लागून जात होती. ओतकामाला कच्चं बीड, म्हणजे ओतायचं लोखंड, आणि भट्टीला कोक लागतो, दोन्ही वजनदार. तयार नांगरही वजनदार. बैलगाडीने हा माल लांबून ओढायचा तर भाड्यातच धंदा बुडतो. जमीन नापीक असली तरी चालणार होती, रूळ जवळ हवे होते. पुढे स्टेशनलाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळालं.

वाटेत एका गोठ्याच्या आढ्याला जुना लोखंडी नांगर टांगलेला दिसला. मालकांनी तो आपणहून उतरवून दाखवला. लक्ष्मणरावांचं काम समजायला हा नांगर हातात घेऊन पाहावा. बाभळीचा लाकडी नांगर पाचरीसारखा माती फाडत जातो, पलटत नाही. त्यामुळे हरळी, कुंदा ही तणं मुळासकट जिवंत राहतात. लोखंडी नांगरात पुढे फाळ, त्यामागे माती उलटवणारी वाकडी फळी, डाव्या अंगाला तासाच्या, म्हणजे नांगरटीच्या चरीच्या, भिंतीला घासत नांगर सरळ ठेवणारी पट्टी, आणि दांड्याच्या टोकाला साखळी अडकवायची भोकांची पट्टी. साखळी वरच्या भोकात घातली की नांगर खोल जातो, खालच्या भोकात घातली की उथळ. साखळी आखूड केली तर बैलांची ओढ वरच्या दिशेला बसते आणि नांगर उचलला जातो. मग गडी नांगराशी झुंजत बसतो, बैलही दमतात आणि माणूसही. काळ्या रानात सहा-सात इंच खोल जायचं तर दोन ते चार बैलजोड्या लागायच्या.

खरी गोम फाळात आहे. फाळाची चोच खाली किंचित झुकलेली असते, म्हणून तो मातीत शिरतो. चोच झिजून गोल झाली की साखळी कितीही वर-खाली करा, नांगर जमिनीवरून घसरतो. लाकडी नांगराचा लोखंडी फाळ गावचा लोहार तापवून, ठोकून पुन्हा धारेला आणायचा. बिडाचा फाळ ठोकता येत नाही, फुटतो. तो बदलावाच लागतो. म्हणजे नवा फाळ जुन्या नांगरावर कानसही न लावता बसला पाहिजे, भोकाला भोक जुळलं पाहिजे. बीड गार होताना साधारण फुटाला एक अष्टमांश इंच आटतं, तेवढा वाळूत साचा उमटवायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, मोठा करावा लागतो. वाळूत ओल जास्त राहिली तर वाफ आत अडकते आणि फाळात पोकळ्या पडतात. धारेची बाजू कडक व्हावी म्हणून साच्यात तिथे लोखंडाचा तुकडा ठेवतात; वितळलेल्या बिडाचा रस त्याला टेकताच झटकन गार होतो, तेवढा भाग पांढरा आणि कठीण बनतो, मागचा करडा राहतो. कठीण थर फार जाड झाला की पहिल्या दगडाला चोच उडते, पातळ राहिला की थोडक्यात झिजते. रेषेवर हुकूमत असलेल्या माणसाचं हे काम होतं.

पहिला नांगर बेळगावात १९०३च्या सुमाराला झाला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली. तेवढा काळ घर कडबा कापायच्या यंत्रांसारख्या कामांवर चालवायचं आणि तरीही नांगर सोडायचा नाही, याला घरातली माणसं तशीच लागतात. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी आणि रामूअण्णांच्या घराने हा भार उचलला, हे वाडीच्या इतिहासात फार कमी शब्दांत येतं, आणि मला ते खटकतं.

वाडीत शिरल्यावर रस्त्यांची आखणी बघा. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे होता. यंत्र बिघडलं की शंभूराव जांभेकर बघायचे, आणि माणसांची दुखणीखुपणीही तेच बघायचे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. लक्ष्मणरावांनी त्यांच्यातला कल्पक इंजिनिअर ओळखला. तुरुंग भोगून आलेल्यांच्या हाती त्यांनी रात्रीची राखण दिली. वाडीत शिवाशिव पाळायची नाही, हा दंडक होता. पुतणे शंकरराव यांच्या हाती छापखाना आला आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागलं. थोरला मुलगा शंतनू अमेरिकेतल्या एमआयटीतून १९२६ साली मेकॅनिकल इंजिनिअर होऊन याच माळावर परत आला. पुण्यातला ऑइल इंजिनचा कारखाना पुढे १९४६ साली शंतनूरावांनी उभा केला. ज्याचा हात जिथे बसतो तिथे त्याला नेमायचं, मग तो पोटचा असो, भावाचा असो की परका, हे लक्ष्मणरावांनी आयुष्यभर केलं. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कारखाना चालू आहे, आता पंपांचा. फाटकावर जाऊन आत सोडा म्हटलं तर सोडत नाहीत. शाळा-कॉलेजची सहल असेल तर आधी लेखी परवानगी काढावी. वसाहतीतले फोटो काढतानाही विचारून काढा, लोक राहतात तिथे. कोयना एक्स्प्रेस वाडीला थांबते. सांगलीहून यायचं तर पलूसची एसटी बरी. औंधहून स्वतःची गाडी असलेली बरी, कारण मधल्या एसटी जुळवताना दिवस जातो. उन्हाळ्यात सागरेश्वरचं अभयारण्य सकाळी उरकून मग वाडीला या, दुपारच्या उन्हात तो डोंगर चढवत नाही. डबा बरोबर घ्या, नाहीतर जेवायला पलूस गाठावं.