बाबांचा खांदा आणि तुंबडी

मी गेली ११ वर्षं लॅबमध्ये रक्त काढते. त्यामुळे बाबा "खांदा आखडलाय, कपिंग करून येतो" म्हणाले तेव्हा त्यांना एकट्याला सोडलं नाही.

कपिंग म्हणजे आपली तुंबडीच: कातडीवर कप लावून आतली हवा ओढायची, कधी चिरे पाडून रक्तही काढायचं. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळा सांगितलाय. आजीच्या लहानपणी शिंगवाले गावात यायचे. बाबांना मात्र पटलं ते २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधल्या जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावरचे कपिंगचे जांभळे गोल बघून.

कपिंगच्या हॉलमध्ये आठ-दहा जण पालथे झोपले होते. आम्हाला नाव विचारलं, वय विचारलं, पैसे घेतले. गोळ्या कोणत्या चालू आहेत, हे कुणीच विचारलं नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट म्हणजे जाळी बसवलेली आहे. गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रोज असतात. त्यांचं रक्त काढलं की कापूस बराच वेळ दाबून धरावा लागतो, तोही एका सुईच्या भोकावर. इथे पाठीवर ब्लेडने चिरे पाडून वर कप ओढणार होते.

शेजारच्या काकांचे रक्ताळलेले कप एका बादलीत विसळून परत ट्रेमध्ये ठेवलेले मी पाहिले आणि बाबांना उठवलं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही ७ दिवस जिवंत राहू शकतो. पाण्याने विसळून तो जात नाही. ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून फोडलेलं हवं, रक्ताचे कप एकदाच वापरायचे, करणाऱ्याच्या हातात ग्लोव्हज हवेत. यात तडजोड नाही.

रिक्षात बाबा म्हणाले, "मग दोन-चार दिवस गोळ्या बंद ठेवतो, आणि चांगल्या ठिकाणी जाऊ." माझ्या पोटात गोळाच आला. स्टेंट असलेल्या माणसाने या गोळ्या मनाने थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. खांद्यासाठी एवढी जोखीम? घरी पोचायच्या आतच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गोळी एकही चुकवायची नाही आणि चिरे पाडायचे नाहीत.

चिरे न पाडता नुसते कोरडे कप लावले तर सहसा डाग उठतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातात. पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असतील, शुगरमुळे पायांची संवेदना गेली असेल, कातडी नाजूक असेल किंवा पोटात बाळ असेल, तर तेही आधी डॉक्टरांना विचारूनच. जाळ करून लावायच्या कपाने तर भाजतंसुद्धा.

बाबा आता फिजिओने सांगितलेला व्यायाम करतात, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा. काल बोटं कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोचली.