ऱ्हाइनफेल्डेनचा बिअरचा किल्ला: बाझेलहून अर्ध्या दिवसाची सहल

स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला कुणाकडे उतरला असाल आणि ल्युसर्न, तितलिस, ऱ्हाइनचा धबधबा ही नेहमीची यादी संपली असेल, तर अर्धा दिवस जवळच्या ऱ्हाइनफेल्डेन गावातल्या बिअरच्या कारखान्याला द्या. आम्ही गेलो ते दादाच्या आग्रहाने. तो आणि वहिनी बाझेललाच असतात. प्रत्येक पाहुण्याला तेच डोंगर दाखवून तो बहुधा कंटाळलाय. सोबत आई होती. "दारूचा कारखाना बघायला मला कशाला नेताय रे?" असं कुरकुरत निघाली, आणि आत गेल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न तिनेच विचारले.

बाझेल एसबीबी स्टेशनवरून गाडीला पाव तासाच्या आसपास लागतो. एस-१ लोकल जाते, झुरिककडच्या काही इंटररेजिओ (जलद) गाड्याही थांबतात. स्विस ट्रॅव्हल पास चालतो. रुळांपासून जवळच विटांचे मनोरे आणि कंगोरे असलेला एक किल्ला दिसतो. तिथे राजा-बिजा कधीच नव्हता. तोच फेल्डश्लोसेनचा कारखाना. 19व्या शतकातल्या कारखानदारांची हौस, दुसरं काय! स्टेशनवरून दहाएक मिनिटांत चालत पोहोचतो. ज्या रस्त्यावर कारखाना आहे त्याला थिओफिल रोनिगरचं नाव दिलंय.

हा रोनिगर शेजारच्या माग्डेन गावचा, बिअर बनवण्यातला जाणकार. माथियास व्यूटरिख हा शेतकरी. दोघांनी मिळून 1876 साली पहिली बिअर बाजारात आणली. त्याच्या आदल्याच वर्षी इथून जाणारा ब्योट्सबेर्गचा रेल्वेमार्ग सुरू झाला होता, आणि माझ्या मते या कारखान्याचं अर्धं यश त्या रुळांत आहे. बिअर जड, काचेच्या बाटल्या त्याहून जड; बैलगाडी-घोडागाडीवर किती लांब नेणार? रुळांचा फाटा थेट कारखान्याच्या आवारात येतो. गाइड घाईने पुढे नेतात, पण तुम्ही तो फाटा नीट बघून घ्या.

कारखाना बघायची फेरी आधी बुक करावी लागते. तिकीट आहे. भाषा कोणती ते बुक करतानाच पाहा, कारण जर्मन फेऱ्याच जास्त असतात. आयत्या वेळी जाऊन दारातून परतू नका.

खरी बघण्यासारखी जागा म्हणजे बिअर शिजवायची इमारत. तांब्याच्या प्रचंड हंड्या, लखलखीत घासलेल्या, वर निमुळत्या होत गेलेल्या. मोड आणून भाजलेलं जव भरडून गरम पाण्यात मिसळतात, त्यातल्या पिठाची साखर होते, मग चोथा गाळून तो गोड रस हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात. दारू इथे होतच नाही. रस थंड करून यीस्ट घातल्यावर, टाक्यांमध्ये, पुढे ती होते. त्यामुळे या दालनातला वास दारूचा नसून उसाच्या गुऱ्हाळावर येतो तसा, गोड आणि जरा करपट असतो. भाजलेले दाणे हातावर मिळाले, तर चावून बघा. आईने दोन दाणे चावले, "हे तर नाचणीच्या सत्त्वासारखंच काम आहे," म्हणाली आणि तिची भीड चेपली.

शेवटी चव घ्यायला ग्लास मिळतो. न पिणाऱ्यांनी "आल्कोहोलफ्राय" मागावी. ही कंपनी बिनदारूची बिअरही बनवते. आईने एक घोट घेतला आणि "काढा!" म्हणून ग्लास दादाकडे सरकवला. हलकं हवं असेल तर लेमोनेड मिसळलेली पानाशे आहे, पण तिच्यात थोडी का होईना दारू असतेच. स्वित्झर्लंडमध्ये बिअरसाठी 16 वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा सोबत मुलं असतील तर ओळखपत्रं ठेवा.

आता मालकीचं. ऱ्हाइनफेल्डेनमध्येच 1799 पासूनचा झाल्मेनब्रॉय नावाचा कारखाना होता; तो 1971 साली फेल्डश्लोसेनमध्ये विलीन झाला. नव्वदच्या दशकात फ्रिबोर्गची कार्डिनल आणि झुरिकची ह्यूरलिमानही आली. बिअरच्या जोडीला राझ्युन्सर खनिज पाणी आणि थंड पेयंही यादीत आली. आणि मग शेरास सव्वाशेर भेटला: 2000 साली हा सगळा पेयांचा धंदा डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गने घेतला. फ्रिबोर्गचा कारखाना 2011 साली बंद झाला. ह्यूरलिमानच्या जुन्या आवारात आज गरम पाण्याचे कुंड आहेत; झुरिकला मुक्काम असेल तर जाऊन या. ऱ्हाइनफेल्डेनचा किल्ला तेवढा चालू राहिला, आणि बाटलीवर अजून त्याचंच चित्र असतं. शेतकऱ्याच्या घरातून सुरू झालेल्या धंद्याचे निर्णय कोपनहेगनहून होतात हे मला खटकलं. दादा म्हणाला, "अगं, गिळायला यांनीच सुरुवात केली होती ना?"

परतताना त्याने जे सांगितलं त्यासाठी मी पुन्हा जाईन. थिओफिलचा मुलगा एमिल रोनिगर धंद्यापेक्षा पुस्तकांत रमला. त्याने रोटआप्फेल नावाची प्रकाशनसंस्था काढली आणि 1924 साली 'यंग इंडिया' साप्ताहिकातले गांधीजींचे लेख जर्मन भाषेत पुस्तकरूपाने आणले. तेही फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँच्या सहकार्याने. ज्या गांधींचे स्वयंसेवक 1921 साली दारूच्या गुत्त्यांसमोर निदर्शनं करत होते, त्यांचे विचार जर्मन वाचकांपर्यंत नेणारा हा गृहस्थ बिअरच्या घरातला! आई खूश. "बघा, पैसा सत्कारणी लागला."

जेवण गावात केलं. शाकाहारी असाल तर "ओने फ्लाइश, ओने श्पेक" (मांस नको, डुकराचे तुकडे नकोत) हे शब्द पाठ करा. नुसतं शाकाहारी म्हटलं की रोष्टी (किसलेल्या बटाट्याचा परतलेला पदार्थ) येते आणि तिच्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे निघू शकतात. गावातल्या कारंज्यांचं पाणी पिता येतं. जिथे येत नाही तिथे पाटी असते. बाटली घरून न्या.

वेळ उरला तर ऱ्हाइन नदीवरच्या जुन्या पुलावरून पलीकडे जा. मधल्या बेटावर बसायला छान जागा आहे. तिथेच नदीत सुमारे 30 मीटर खोल सांक्ट आनाचा डोह आहे, पाण्यात उतरू नका. पूल ओलांडला की जर्मनी; तिथल्या गावाचं नावही ऱ्हाइनफेल्डेनच. पासपोर्ट जवळ ठेवा आणि थोडे युरो. स्विस लोक किराणा आणायला तिकडे जातात, वहिनीही जाते. शांपू, चॉकलेट, पनीरच्या जवळ जाणारं चीज सगळं स्वस्त पडतं. फक्त रविवारी जाऊ नका, दुकानं दोन्हीकडे बंद असतात.